पऱ्हाटी, जंतु आणि इंधन

वर्धा जिल्ह्यांत कापसाचें पीक कोणास ठाऊक नाहीं? हिंगणघाट, आर्वी, देवळी, पुलगांव हीं नांवें घेतलीं कीं कापूस डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु कापूस वेंचून झाल्यावर शेतांत जी पऱ्हाटी उरते, तिच्याकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. कांहीं चुलीस जाते, कांहीं कुंपणास लागते, आणि राहिलेली बहुधा ढीग करून पेटवून देण्यांत येते. एका हेक्टरांतून साधारणपणें दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. तेव्हां दर वर्षीं केवढें द्रव्य धुराच्या रूपानें आकाशांत जातें, याची कल्पना वाचकांनींच करावी. या पऱ्हाटीपासून मोटारींत घालण्याजोगें इंधन करतां येईल काय, आणि ज्या सूक्ष्म जंतूंकडून हें काम करवून घ्यावयाचें त्यांच्या मार्गांत कोणती अडचण आहे, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय नवा असला तरी दुर्बोध नाहीं. ज्याच्या घरीं दूध विरजलें जातें, त्याला त्याचा आरंभ आधींच ठाऊक आहे.

दुधाचें दहीं होतें तें विरजणांतील जंतूंमुळें. हे जंतु दुधांतील साखर खातात आणि तिचें आम्ल करितात. फ्रान्स देशांतील सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ लुई पाश्चर यानें इ. स. १८५७ पासून पुढें जे शोध केले, त्यांवरून आंबण्याची क्रिया ही सजीव जंतूंची करणी आहे असें सिद्ध झालें. दह्याच्या जंतूप्रमाणेंच किण्व, ज्यास आपण यीस्ट म्हणतों, तेंहि साखर खातें. मात्र तें आम्लाऐवजीं मद्यार्क करितें. हा मद्यार्क म्हणजेच इथेनॉल होय. हवा नसली म्हणजे अशा जीवास साखर पूर्णपणें जाळतां येत नाहीं. तो ती अर्धवट जाळतो, त्यांतून जी थोडी शक्ति मिळेल तीवर निर्वाह करितो, आणि मागें राहिलेला मद्यार्क अंगाबाहेर टाकून देतो. म्हणजे आपण ज्याला इंधन म्हणतों, तें त्या जीवाच्या दृष्टीनें केवळ टाकाऊ द्रव्य आहे. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत धरावी, कारण पुढील सर्व अडचण हिच्यांतूनच उत्पन्न होते.

या क्रियेशीं आमच्या वर्धा शहराचा एक जुना संबंध आहे. इ. स. १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचें कार्य वर्ध्यास मगनवाडींतून चाललें. ताडगुळाच्या धंद्यास उत्तेजन देणें हें त्या संघाच्या कामांपैकीं एक होतें. ताडाची अथवा शिंदीची नीरा पहाटे गोड असते. पण ऊन वर येतां येतां ती आंबूं लागते आणि तिची ताडी होते. म्हणून नीरा धरावयाच्या मडक्यास आंतून चुना लावितात. चुन्यानें जंतूंची वाढ खुंटते आणि रस गुळासाठीं गोड राहतो. नीरेची ताडी करणाऱ्या जीवांत यीस्ट तर असतेंच, पण त्याबरोबर झायमोमोनस नांवाचा एक जंतुहि असतो. साखरेचा मद्यार्क करण्यांत तो इतका तरबेज आहे कीं यीस्टलाहि हार जात नाहीं. मगनवाडींत ज्या जंतूला दूर ठेवण्याची खटपट चालत असे, त्यानेंच पुढें विज्ञानास एक मोठी देणगी दिली. ती कोणती, तें आतां सांगतों.

पऱ्हाटींत साखर आहे हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. ती चाखून पाहिली तर गोड मुळींच लागत नाहीं. याचें कारण असें कीं तिच्यांतील साखरेचे कण एकमेकांस घट्ट जोडलेले असतात. पऱ्हाटीच्या काष्ठाचे मुख्य घटक तीन. पहिला सेल्युलोज, हा ग्लुकोज साखरेच्या लांबलचक सांखळ्यांचा बनलेला असून कापसाचा तंतूहि जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच होय. दुसरा हेमिसेल्युलोज, यांत झायलोज नांवाची निराळी साखर असते. तिसरा लिग्निन, हा साखरेचा नसून, भिंतींत विटांभोंवतीं चुना भरावा तसा तो इतर दोघांभोंवतीं भरलेला असतो आणि काष्ठास टणकपणा देतो. प्रथम आम्लानें किंवा वाफेनें ही भिंत सैल करावयाची, मग विकरें, ज्यांस इंग्रजींत एंझाइम म्हणतात, तीं घालून सांखळ्या तोडावयाच्या, म्हणजे साखरेचें पाणी तयार होतें. येथपर्यंतचें काम खर्चाचें असलें तरी साध्य आहे.

पुढें प्रश्न उभा राहतो तो हा कीं, ही साखर खाणार कोण? पाव करण्याचें आपलें नेहमींचें यीस्ट ग्लुकोज आवडीनें खातें, परंतु झायलोज त्याला पचत नाहीं. झायमोमोनसचीहि तीच गत आहे. म्हणजे पऱ्हाटींतील साखरेचा एक मोठा वांटा तसाच वायां जावयाचा. उलट, माणसाच्या आंतड्यांत राहणारा ई. कोलाय नांवाचा जंतु दोन्ही प्रकारच्या साखरा खातो, पण मद्यार्क अगदीं थोडा करितो. थिओडोर एशेरिख या वैद्यानें इ. स. १८८५ सालीं या जंतूचें वर्णन केलें. एका मिलिमीटरांत असे सुमारें ५०० जंतु एकापुढें एक मावतील, आणि अन्न व ऊब अनुकूल असतां एकाचे दोन होण्यास त्याला अवघीं २० मिनिटें लागतात. ज्याच्यापाशीं पोट आहे त्याच्यापाशीं कसब नाहीं, आणि ज्याच्यापाशीं कसब आहे त्याच्यापाशीं पोट नाहीं, अशी ही स्थिति होती.

प्रत्येक जीवाच्या पेशींत डीएनए नांवाचा एक लांब धागा असतो आणि त्यावर त्या जीवाच्या सर्व कामांच्या आज्ञा लिहिलेल्या असतात. अशा एकेका आज्ञेस जनुक म्हणतात. ई. कोलायच्या धाग्यांत सुमारें ४६ लक्ष अक्षरें आणि चार हजारांहून अधिक जनुकें आहेत. अमेरिकेंतील फ्लोरिडा विद्यापीठाचे लॉनी इन्ग्रॅम आणि त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९८७ सालीं झायमोमोनसमधील मद्यार्क करण्याचीं दोन जनुकें काढून तीं ई. कोलायमध्यें बसविलीं. परिणाम असा झाला कीं दोन्ही साखरा खाणारा जंतु मद्यार्क करूं लागला. या शोधाचें महत्त्व ओळखून अमेरिकेनें इ. स. १९९१ सालीं आपल्या नोंदवहींतील पन्नास लक्षावा एकाधिकारपट्टा याच शोधास दिला. ताडींत राहणाऱ्या जंतूची देणगी म्हणून आम्हीं वर म्हटलें, ती हीच.

येथें गोष्ट संपली असती तर बरें झालें असतें. परंतु कसब शिकविलें म्हणजे कारागीर टिकतोच असें नाहीं. मद्यार्क हा जंतुनाशक आहे. टोंचण्यापूर्वीं वैद्य दंडावर स्पिरिट कां चोळतात, तें विद्यार्थ्यांनीं आठवावें. जें स्पिरिट आपण जंतु मारण्यासाठीं वापरतों, तेंच करण्याचें काम आपण जंतूवर सोंपविलें आहे! तो जसजसा काम करितो तसतसें त्याच्याभोंवतींचें पाणी विषारी होत जातें, आणि शेवटीं आपल्याच कर्तबगारीनें तो गुदमरून जातो.

हें विष चढतें कसें? प्रत्येक जंतूभोंवतीं स्निग्ध द्रव्याचा एक अति पातळ पडदा असतो. आंतील क्षार आंत व बाहेरील पाणी बाहेर राखणें, अन्न आंत घेणें आणि शक्ति सांठविणें हीं सर्व कामें या पडद्याच्या आधारें चालतात. मद्यार्क पाण्यांतहि मिसळतो आणि स्निग्ध पदार्थांतहि शिरतो. तो पडद्यांत शिरला म्हणजे पडदा ढिला होतो, आंतील द्रव्यें झिरपूं लागतात, आणि फुटक्या घागरीप्रमाणें जंतूची शक्ति गळून जाते. शिवाय पेशींतील प्रथिनांची घडीहि विस्कटते. यीस्ट व झायमोमोनस हे मूळचेच सोशीक. शेंकडा १० हून अधिक मद्यार्कांतहि त्यांचें काम चालतें. ई. कोलाय मात्र शेंकडा चार-पांचच्या आसपासच हातपाय गाळतो. ब्यूटेनॉल नांवाचा दुसरा मद्यार्क पेट्रोलच्या अधिक जवळचा, म्हणून इंधनास अधिक सरस. पण तो विषारीहि अधिक. पहिल्या महायुद्धाच्या काळांत हाईम वाइझमन यांनीं क्लॉस्ट्रिडियम नांवाच्या जंतूकडून ॲसिटोन व ब्यूटेनॉल तयार करविलें. हेच वाइझमन पुढें इ. स. १९४९ मध्यें इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या जंतूचें काम ब्यूटेनॉल शेंकडा एक-दोनच्या घरांत पोंचतांच थांबत असे.

कोणी म्हणेल, चार टक्के झाला काय आणि दहा टक्के झाला काय, उकळून वेगळा केला म्हणजे झालें. पण हिशेब करून पाहावा. आंबवणांत शेंकडा १० मद्यार्क असेल तर एक लिटर मद्यार्कामागें नऊ लिटर पाणी तापवावें लागतें. शेंकडा दोनच असेल तर तेवढ्याच मद्यार्कासाठीं ४९ लिटर पाणी तापवावें लागतें. इंधन मिळविण्यासाठीं इतकें इंधन जाळावयाचें, तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी अवस्था व्हावयाची. म्हणून जंतूची सहनशीलता हा केवळ जीवशास्त्राचा प्रश्न नाहीं. कारखाना चालणार कीं बंद पडणार, हें तीवर अवलंबून आहे.

ही सहनशीलता वाढविण्याचे जे उपाय शास्त्रज्ञांनीं योजिले आहेत, त्यांपैकीं चार येथें देतों.

पहिला उपाय अगदीं शेतकऱ्याचा आहे; तो म्हणजे निवड. चांगलें कणीस बियाण्यास राखावें, त्याप्रमाणें थोड्या मद्यार्कांत जे जंतु जगले ते घ्यावयाचे, त्यांस थोड्या अधिक मद्यार्कांत वाढवावयाचें, त्यांतूनहि जे तगले ते पुन्हा घ्यावयाचे. असें पिढ्यान्‌ पिढ्या केलें कीं अधिक सोशीक जात हातीं येते. इन्ग्रॅम यांच्या प्रयोगशाळेंतच मूळ जातीहून अधिक सोसणारी ई. कोलायची जात या रीतीनें मिळाली, आणि तिचें वर्णन इ. स. १९९८ मध्यें प्रसिद्ध झालें.

दुसरा उपाय पडदा घट्ट करण्याचा. इ. स. १९८९ सालीं जपानमधील इनोउए व होरिकोशी यांनीं टोल्यूइनसारख्या उग्र द्रव्यांतहि सुखानें वाढणारा एक स्युडोमोनस जातीचा जंतु प्रसिद्धीस आणिला. अशा जंतूंचा अभ्यास करतां असें दिसून आलें कीं, संकट येतांच ते आपल्या पडद्यांतील वांकड्या स्निग्धाम्लांस सरळ करितात. वांकड्या काटक्यांची मोळी सैल बसते आणि सरळ काटक्यांची घट्ट, तसाच हा प्रकार होय. हा गुण इतर जंतूंत आणण्याचे प्रयत्न झाले आहेत.

तिसरा उपाय प्रथिनांची घडी सांभाळण्याचा. पेशींत कांहीं साहाय्यक प्रथिनें असतात. विस्कटलेलीं प्रथिनें पुन्हा नीट करणें हें त्यांचें काम. इ. स. २००३ मध्यें अमेरिकेंतील पापुत्साकिस यांच्या प्रयोगशाळेंत क्लॉस्ट्रिडियममध्यें अशीं प्रथिनें अधिक प्रमाणांत उत्पन्न केलीं, तेव्हां तो जंतु ब्यूटेनॉल अधिक सोसूं लागला.

चौथा उपाय विष बाहेर उपसण्याचा. अनेक जंतूंच्या पडद्यांत प्रथिनांचे सूक्ष्म पंप असतात; विहिरींतून मोटेनें पाणी काढावें, तसें ते नकोसें द्रव्य बाहेर काढतात. इ. स. २०११ मध्यें कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञांनीं निरनिराळ्या जंतूंतील ४३ पंप ई. कोलायमध्यें घालून पाहिले. नागपुरी संत्र्याची साल पिळली असतां जो वास सुटतो, तो मुख्यत्वें ज्या द्रव्याचा, त्या लिमोनीनपासून विमानाचें इंधन होऊं शकतें. योग्य पंप मिळालेल्या जंतूनें हें लिमोनीन अधिक सोसलें, इतकेंच नव्हे, तर अधिक निर्माणहि केलें. परंतु ब्यूटेनॉलसारखे लहान मद्यार्क उपसण्यास हे पंप उपयोगी पडले नाहींत. शिवाय पंप प्रमाणाबाहेर वाढले तर पडद्यांत त्यांचीच दाटी होते आणि जंतु त्यांच्याच भारानें दुबळा होतो. औषधाचीहि मात्रा असते, ती ही अशी.

येथें आणखी एक सूक्ष्म भेद लक्षांत घ्यावा. सोसणें निराळें आणि निर्माण करणें निराळें. जो जंतु विषांत दीर्घकाळ जगतो तो अधिक इंधन देईलच असा नियम नाहीं, कारण जगण्याच्या खटपटींतच तो आपली साखर खर्चून टाकील. त्यासाठीं निर्मितीचा मार्गहि सुधारावा लागतो. इ. स. २००८ मध्यें जेम्स लियाओ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ई. कोलाय आपल्या प्रथिनांचे घटक ज्या मार्गानें तयार करितो, त्याच मार्गास एक फांटा काढून त्याच्याकडून आयसोब्यूटेनॉल करविलें. आपल्या देशांतहि हें काम चालू आहे. दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रांत ई. कोलायच्या स्वतःच्याच जनुकांच्या आज्ञा बदलून त्याच्याकडून मद्यार्क करविल्याचें वृत्त इ. स. २०१२ मध्यें प्रसिद्ध झालें. मुंबईस माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेंत या विषयाचें खास केंद्र असून, तेथील पद्धतीवर उत्तराखंडांतील काशीपूर येथें इ. स. २०१६ मध्यें दररोज १० टन काडीकचरा घेणारा प्रायोगिक कारखाना सुरू झाला. पुण्याच्या प्राज कंपनीनें इ. स. २०१७ मध्यें दौंडजवळ असाच प्रायोगिक कारखाना उभारिला, आणि त्यास चालणाऱ्या मालाच्या यादींत भाताच्या व गव्हाच्या काडाबरोबर आपली पऱ्हाटीहि होती. प्राजच्याच पद्धतीचा पानिपत येथील मोठा कारखाना ता. १० ऑगस्ट २०२२ रोजीं राष्ट्रास अर्पण झाला. वर्षास दोन लक्ष टन भाताच्या पेंढ्यापासून सुमारें तीन कोटी लिटर इथेनॉल करणें हा त्याचा हेतु. म्हणजे टनामागें १५० लिटर झालें. पऱ्हाटी पेंढ्याहून टणक, म्हणून तिच्याकडून तेवढीच अपेक्षा करूं नये. तथापि जें आज पेटवून देतों त्यांत काय दडलें आहे, याचा अंदाज यावरून येईल.

पालकवर्ग विचारील कीं, याचा आम्हांस उपयोग काय? भारतांत इ. स. २०२५ मध्यें पेट्रोलांत शेंकडा २० इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गांठला गेला. परंतु हें इथेनॉल बहुतांशीं ऊस, मका व तांदूळ यांचें आहे. मोटारीच्या टांकींत जें धान्य जातें तें कोणाच्या तरी ताटांतून किंवा गोठ्यांतून कमी होतें, आणि उसास पाणीहि फार लागतें. वर्धा जिल्ह्याचा शेतकरी बहुधा कोरडवाहू. उसाचा पैसा त्याच्या हातीं येत नाहीं. पऱ्हाटीचें इंधन झालें तर त्यास कापसाशिवाय आणखी चार पैसे मिळतील. दुसरेंहि एक कारण आहे. इ. स. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कापसाची जी दुर्दशा केली, ती पुष्कळांच्या स्मरणांत असेल. पऱ्हाटी फार दिवस शेतांत उभी ठेवली तर या अळीस आसरा मिळतो. म्हणून हंगाम संपतांच ती काढावी असें कृषितज्ज्ञ सांगतात. काढलेल्या पऱ्हाटीस गिऱ्हाईक असेल, तर हा उपदेश मानणें शेतकऱ्यास सोपें जाईल.

याबरोबर सावधगिरीच्या गोष्टीहि सांगणें आमचें कर्तव्य आहे. काडीकचऱ्याचा कांहीं भाग जमिनींत परत गेलाच पाहिजे, नाहींतर तिचा कस उतरेल. बदललेले जंतु बंद पात्रांतच वाढवावे आणि काम झाल्यावर उष्णतेनें मारून मगच सांडपाणी बाहेर सोडावें. पऱ्हाटी हलकी पण जागा फार व्यापणारी, म्हणून दूरच्या कारखान्यास ती वाहून नेण्यांतच नफा बुडेल. कारखाना जवळ हवा किंवा माल दाबून लहान करण्याची सोय गांवांत हवी. नागपूर येथें कापूस-तंत्रज्ञानाच्या सरकारी संस्थेनें पऱ्हाटीच्या कांड्या करण्याच्या दिशेनें काम केलेलें आहे, हें येथें नमूद करण्यासारखें आहे. आणि आमच्या जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तेव्हां मद्यार्काचें नांव ऐकून कोणी दचकेल, तर त्यास सांगावें कीं इंधनाच्या मद्यार्कांत पिण्यास अयोग्य करणारीं द्रव्यें घालितात. अग्नि चुलींत असला तर अन्न शिजवितो आणि छपरांत शिरला तर घर जाळितो. दोष अग्नीचा नसून जागेचा असतो.

पऱ्हाटीवर जगणारा, मद्यार्क भरपूर करणारा आणि तो सोसणारा, असा सर्वगुणसंपन्न जंतु अद्यापि कोणासहि सांपडलेला नाहीं. एक गुण वाढवावा तर दुसरा उणा होतो, असाच अनुभव आहे. म्हणून हें काम आजच्या विद्यार्थ्यांसाठीं शिल्लक आहे असें आम्ही समजतों. तें करण्यास रसायन पाहिजे, जीवशास्त्र पाहिजे, गणित पाहिजे. आणि त्याबरोबर पऱ्हाटी कशी असते, ती कोण उपटतो, त्याच्या हातांस किती घट्टे पडतात, हेंहि ठाऊक पाहिजे. पहिल्या तीन गोष्टी मुंबईच्या किंवा परदेशच्या विद्यार्थ्यासहि शिकतां येतील. चौथी आमच्या वर्ध्याच्या मुलामुलींना शेतांतच शिकावयास मिळते. ती त्यांनीं क्षुल्लक मानूं नये, आणि वर्गांत शिकविलेल्या पहिल्या तिहींचा कंटाळा करूं नये, एवढीच आमची त्यांस प्रेमाची सूचना आहे.